वसतिगृहाच्या वहिनी

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, हे आपण जाणतो. साताऱ्यातील त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. त्या मुलांच्या वहिनी म्हणजे लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या वळणात वाढलेल्या या जैन गृहिणीने ती मुले आपली मानली. धान्य संपू लागले तसा एकेक दागिना गेला. अखेरीस मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या निवर्तल्या.

बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर मी काही वर्षे काढली आहेत. पाटल्या, बांगड्या, साखळी अशा क्रमाने वस्तू समोर येतात. मंगळसूत्र सर्वांत शेवटी येते, आणि ते ठेवणारी स्त्री वजनकाट्याकडे पाहत नाही. त्यामुळे व्याख्यानांतून सांगतात तितका हा प्रसंग मला सोपा वाटत नाही. भाऊरावांना पुढे मोठा लौकिक लाभला, १९५९ साली पद्मभूषणही. तो पाहण्यास वहिनी नव्हत्या.

गेल्या चातुर्मासात माझी पत्नी गेली. पुण्यस्मरणाच्या मजकुरात आप्तांनी तिच्या उपवासांची संख्या दिली. ती खरीच आहे. मी खाली एक ओळ वाढविली: इतवारीतील आमच्या घरी राहून शिकलेल्या सहा भाचेपुतण्यांचे डबे तिने पहाटे भरले आणि सूर्यास्तापूर्वी त्यांना ताजे जेवू घातले, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. मजकूर लांबला, कमी करा, असे छापखान्यातून कळविले. तेव्हा माझ्या नावापुढील पदवी आणि बँकेतील हुद्दा काढून जागा केली.