वर्ग एक, वाचक अनेक

‘चौथीत गेला, अजून जोडाक्षर येत नाही!’ असे म्हणत घरोघरी मुलाच्या पाठीत धपाटा बसतो. पण चूक त्याची असतेच असे नाही.

१८४० साली सार्वजनिक वाचनालय स्थापन झालेले आपले नाशिक. याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याचे मूल घरी कोकणा बोलते, मालेगाव-बागलाणचे अहिराणी. त्यांच्यापुढे पहिल्याच दिवशी येते ती पुस्तकी मराठी. सगळ्यांना एकच धडा, एकाच वेगाने. मग जो मागे राहिला तो ‘ढ’ ठरतो.

२००५ साली ‘प्रथम’ने सुरू केलेल्या ‘असर’ पाहणीत घरी जाऊन मुलापुढे अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट ठेवतात. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, असे तीत वारंवार दिसले. त्यावर ‘प्रथम’चा उपाय साधा आहे. रोज काही वेळ इयत्ता विसरून, वाचनाच्या पातळीनुसार मुलांचे गट करायचे. अक्षरापाशी अडलेल्याला अक्षरे, शब्द वाचणाऱ्याला वाक्ये. प्रगती झाली की गट बदलायचा.

फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी वर्णमाला क्रमाने घोटून न घेता, मोजकी अक्षरे आणि मात्रा घेऊन मुलांना लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला दिले.

आज संध्याकाळी आपल्या मुलाला शेजारी बसवा. तो कुठे अडतो ते शांतपणे पाहा. तिथूनच सुरुवात करायची आहे. इयत्ता पुस्तकावर छापलेली असते, मुलाच्या कपाळावर नव्हे.