हकीमची कार्डं

१९८६ सालचं, फ्लीअर कंपनीचं, ८२ नंबरचं, बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवॉनचं कार्ड हवं असेल तर आज रात्री जेवण झाल्यावरही घेता येईल. ईबेवर ते बारा महिने असतं. कोपरे झिजलेलं असेल तर स्वस्त, चारही कोपरे टोकदार असतील तर महाग. प्रश्न पैशांचा, दुसरा कुठलाही नाही. पण त्याच ओलाजुवॉनचं, अपर डेक कंपनीने नव्वदीच्या सुरुवातीला युरोपातल्या मुलांसाठी काढलेलं, पाठीमागे इटालियन मजकूर असलेलं एखादं साधं कार्ड हवं असेल, तर त्याची किंमत दोन-तीन डॉलर आणि वाट पाहायची वर्षानुवर्षं.

ह्यूस्टनमधला माझा एक मित्र हे गणित गेली कित्येक वर्षं सोडवतो आहे. मूळचा अकोल्याचा. १९९३च्या ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टनमध्ये शिकायला आला, तेव्हा बास्केटबॉलबद्दल त्याला शाळेतल्या खो-खोच्या मैदानाशेजारी एक गंजलेली रिंग होती एवढंच ठाऊक. त्या मोसमात ह्यूस्टन रॉकेट्सने पहिले १५ सामने ओळीने जिंकले, आणि १९९४च्या २२ जूनला सातव्या सामन्यात न्यूयॉर्क निक्सला ९०-८४ असं हरवून अजिंक्यपद घेतलं. संघाचा कणा होता लागोसमधून आलेला, याच विद्यापीठात शिकलेला, पंधराव्या वर्षापर्यंत हातात बास्केटबॉल न धरलेला सेंटर, हकीम. त्या एकाच मोसमात सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेचा मानकरी हे तिन्ही किताब हकीमला मिळाले. परदेशातून येऊन गावाचा लाडका झालेला माणूस दुसऱ्या परदेशी पोराला का आवडला, हे समजायला फार खोल जावं लागत नाही. पेट्रोल पंपावर कार्डांची पाकिटं मिळायची. तिथून सुरुवात झाली.

एकाच खेळाडूची कार्डं जमवणारे स्वतःला प्लेयर कलेक्टर म्हणवतात, आणि अख्खे संच पुरे करणाऱ्यांकडे जरा करुणेनेच पाहतात. संच संपतो. १९८६चा फ्लीअर संच १३२ कार्डांचा आहे, वर ११ स्टिकर. ते मिळाले की काम झालं. खेळाडू संपत नाही.

त्याच्याबरोबर कार्डांच्या बाजारात गेलं की हे काम कसं चालतं ते कळतं. गावाबाहेरच्या हॉटेलातला हॉल, ओळीने टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर काचेच्या पेटीत झगमगणारा माल. सगळी गर्दी त्या पेट्यांभोवती. मित्र तिकडे बघतही नाही. तो टेबलाच्या कडेला किंवा खाली ठेवलेले पांढरे पुठ्ठ्याचे लांब खोके शोधतो. हे डॉलर बॉक्स: कुठलंही कार्ड उचला, एक डॉलर. काही ठिकाणी चार डॉलरला पाच. खोक्यात हजारो कार्डं, क्रम काहीही नाही. तो खुर्ची ओढतो, फोनमधली यादी उघडतो आणि दोन बोटांनी कार्डं पुढे ढकलायला लागतो. त्याची नजर चेहऱ्यावर नसते. कार्डाची वरची जेमतेम अर्धा इंच पट्टी दिसते, तेवढ्यात किनारीचा रंग, पुठ्ठ्याची जाडी आणि लोगोचं टोक यांवरून कंपनी आणि साल ओळखायचं. खेळाडू कोण ते त्यानंतर. मला अजून पहिल्या खोक्यातलं काही उलगडलेलं नसतं तोवर त्याचा दुसरा अर्धा झालेला असतो.

हाती हकीम लागला तरी काम अर्धंच झालेलं असतं. हे कुठलं हकीम? १९९४-९५च्या कलेक्टर्स चॉइस संचात तेच कार्ड साधं आहे, चंदेरी सहीच्या ठशाचं आहे आणि सोनेरी सहीच्या ठशाचं आहे. स्टेडियम क्लबच्या कार्डांवर कधी 'फर्स्ट डे इश्यू'चा बारीक शिक्का असतो, कधी 'मेंबर्स ओन्ली'चा. फोटो तोच, पाठ तीच, नोंद वेगळी. या भावंडांना पॅरलल म्हणतात. नव्वदीत कंपन्यांना लक्षात आलं की नवा फोटो काढण्यापेक्षा जुन्यावर नवा वर्ख चढवणं सोपं आहे, आणि जमवणारा माणूस दोन्ही विकत घेतो. माझ्या मते या छंदाचं अर्धं वैभव आणि अर्धी फसवणूक याच एका शोधात आहे. मित्राला हे पटत नाही. तो म्हणतो, "अरे, कुणी जबरदस्ती केलीय का?"

१९९३-९४चं टॉप्स फाइनेस्ट हा तर परीक्षेचाच विषय. यातल्या काही कार्डांवर रिफ्रॅक्टर नावाचा चकाकणारा थर आहे, पण त्यांवर तसं कुठेही छापलेलं नाही. कार्ड दिव्याखाली धरायचं आणि हळूहळू तिरकं करायचं. साधं असेल तर नुसती चकाकी. रिफ्रॅक्टर असेल तर इंद्रधनुष्याचे पट्टे सरकत जातात. दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. पुढच्या वर्षीपासून फाइनेस्टवर एक पारदर्शक संरक्षक पापुद्रा आला, सोलून काढायच्या सूचनेसकट. तो सोलायचा की ठेवायचा यावर जमवणाऱ्यांमध्ये अजून एकमत नाही. ठेवला तर कार्ड कारखान्यातून निघालं तसं राहतं, पण हकीम धुक्यातून बघितल्यासारखा दिसतो. मित्र सोलतो. एका कोपऱ्यापासून, नखाने, श्वास रोखून.

बाजारात पैसा वरच्या टोकाला आहे, हे तो नाकारत नाही. २०२१च्या जानेवारीत त्याच १९८६च्या संचातलं ५७ नंबरचं मायकल जॉर्डनचं कार्ड, दहापैकी दहा गुणांचं, ७,३८,००० डॉलरला गेलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्यांचं, जर्सीवरचे लोगो जडवलेलं एकच कार्ड १ कोटी २९ लाख डॉलरच्या पुढे पोचलं. हकीमचे भाव त्याच्या आसपासही नाहीत, आणि मित्राच्या मते हीच त्याची पुण्याई. जॉर्डनची कार्डं प्रत्येक विक्रेता निवडून बाजूला काढतो, भाव बघतो, प्लॅस्टिकमध्ये घालतो. हकीमची बरीचशी कार्डं खोक्यातच राहतात. पण नेमकी तीच अडचणही आहे. तीस सेंटच्या कार्डाचा फोटो काढा, माहिती लिहा, पाकीट आणा, टपाल लावा. मालापेक्षा मजुरी जास्त. मग कोण विकायला लावणार? ती कार्डं अमेरिकेतल्या कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून असतात, विकायची नसतात म्हणून नव्हे, तर विकणं परवडत नाही म्हणून. मित्राच्या यादीत लाल रंगाने उरलेल्या ओळी बहुतेक अशाच आहेत. शीतपेयाबरोबर मिळालेलं, पोलिसांनी शाळकरी मुलांना वाटलेलं, मासिकातून कापून काढायचं.

म्हणून शोधायच्या युक्त्या वेगळ्या. १९९१च्या मार्चपर्यंत हकीम आपलं नाव 'अकीम' असं लिहीत असे, त्यामुळे सुरुवातीच्या सगळ्या कार्डांवर तेच आहे. जुना माल शोधायचा तर तेच नाव टाकावं लागतं. आणि आडनाव चुकीचं टाकावं लागतं. ओलाजुवॉनचं इंग्रजी स्पेलिंग बिनचूक लिहिणारे विक्रेते थोडे. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं कार्ड इतरांच्या शोधात येत नाही आणि त्यावर कुणी बोली लावत नाही. मित्राने अशा चुकांची यादीच करून ठेवली आहे. रोज रात्री भांडी झाली की तो त्या एकेक टाकून बघतो. बायको म्हणते, "झाला का जप?"

८२ नंबरचं कार्ड तो अर्थातच घेऊन बसला आहे, आणि ते त्याने कसं घेतलं हे बघण्यासारखं होतं. आधी भिंग. खऱ्या कार्डावर फोटो ठिपक्यांचा असतो, पण काळी अक्षरं आणि रेघा सलग शाईच्या असतात. नकली कार्ड म्हणजे खऱ्याचा फोटो काढून पुन्हा छापलेलं. तिथे अक्षरंही ठिपक्यांमध्ये फुटतात. मग चारही किनारी. लाल-पांढऱ्या-निळ्या चौकटीत फोटो मधोमध आहे की एका बाजूला सरकलाय, याला सेंटरिंग म्हणतात. त्याने निवडलेलं कार्ड पीएसए या कंपनीने तपासून, सहा गुण देऊन कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेलं होतं. विक्रेत्याला पैसे दिले आणि घरी येऊन त्याने ती डबी पकडीने फोडली.

मला वाटलं, विक्रेत्याने हे पाहिलं असतं तर तो जागीच कोसळला असता. डबीतल्या कार्डाला भाव असतो, डबीबाहेरच्याला शंका. पण मित्राचं म्हणणं सरळ होतं: डबी बाइंडरमध्ये बसत नाही. त्याचे बाइंडर सालवार आहेत, पानाला नऊ खिसे, आणि १९८६च्या पानावर रिकामी जागा त्याला चालणार नव्हती. पानं उलटत गेलं की हकीमबरोबर एका धंद्याचाही इतिहास सरकतो. १९८४-८५चं स्टार कंपनीचं कार्ड, जे दुकानातल्या पाकिटातून नव्हे तर संघाच्या सीलबंद पिशवीतून यायचं, आणि त्यामुळे ते खरं पहिलं कार्ड की नाही हा वाद अजून मिटलेला नाही. मग पातळ पुठ्ठा, मग हूप्स, स्कायबॉक्स, मग होलोग्राम, मग क्रोम, मग १९९७-९८ची मेटल युनिव्हर्सची प्रेशस मेटल जेम्स: प्रत्येकाच्या १०० प्रती, पहिल्या दहा हिरव्या, बाकी नव्वद लाल, आणि कडेचा रंग नुसता हात लागला तरी उडतो. तिथून पुढे प्रत्येक गोष्टीवर आकडा. शेवटी २००१-०२, टोरंटो रॅप्टर्सची जर्सी, कारकिर्दीचा अखेरचा मोसम. ती पानं तो भराभर उलटतो.

जांभळ्या जर्सीनंतर खरं तर संपायला हवं होतं. पण निवृत्त खेळाडू आता नव्या संचांत घातले जातात, सही केलेल्या पारदर्शक चिकटपट्ट्या लावून, जर्सीचे तुकडे बसवून. सुरुवातीच्या जर्सी कार्डांवर ती सामन्यात घातली होती असा दावा असायचा. अलीकडच्या अनेक कार्डांच्या पाठीवर कंपनी बारीक अक्षरांत सांगते की हे कापड कुठल्याही विशिष्ट सामन्यातलं नाही. मग ते कुणाचं, कशाचं? मित्र त्याला 'चिंधी' म्हणतो आणि तरी घेतो, जर क्रमांक ३४ असेल तर. ९९ प्रतींपैकी चौतिसावी, कारण हकीमच्या पाठीवरचा आकडा चौतीस. या एका बाबतीत तो व्यवहार विसरतो.

छपाईच्या पत्र्यांच्या वाटेला मात्र त्याने जायचं नाही असं ठरवलं आहे. प्रत्येक कार्डाचे चार पत्रे असतात, निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा, आणि कंपन्या तेही पाकिटांत घालून विकतात, प्रत्येकी एकच नग. चौघांच्या घरी चार पत्रे गेले की ते पुन्हा एकत्र येणं जवळपास अशक्य. हकीमची कार्डं गंभीरपणे जमवणारी माणसं एकमेकांना ओळखतात. कुणाकडे काय आहे आणि कोण काय सोडणार नाही हेही त्यांना पाठ असतं. एकाकडे असलेली एकमेव प्रत म्हणजे इतर सगळ्यांच्या यादीतली कायमची लाल ओळ.

घरी माल आला की पुढचं काम हाताचं. पातळ पिशवी, त्यावर कडक टॉपलोडर, वरून निळ्या रंगाच्या पेंटरच्या पट्टीचा तुकडा, एक टोक दुमडलेलं, म्हणजे काढताना नख लावावं लागत नाही. पारदर्शक चिकटपट्टी वापरणाऱ्या विक्रेत्याची नोंद त्याच्याकडे वेगळी होते. ह्यूस्टनची हवा दमट, क्रोमची कार्डं धनुष्यासारखी वाकतात, म्हणून कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आणि खोलीत दमटपणा शोषणारं यंत्र. २०१७च्या हार्वे वादळात पाणी चढायला लागलं तेव्हा पासपोर्टच्या पिशवीनंतर वरच्या मजल्यावर गेले ते बाइंडर. फ्रीज खालीच राहिला. हे बायकोने मला सांगितलं, त्याने नाही.

सध्या त्याचा जास्तीत जास्त व्यवहार न्यू जर्सीतल्या एका माणसाशी आहे. तो पॅट्रिक युइंगची कार्डं जमवतो, म्हणजे १९८४च्या कॉलेज अंतिम सामन्यात हकीमला हरवणाऱ्या आणि दहा वर्षांनी त्याच्याकडून हरणाऱ्या सेंटरची. डॉलर बॉक्समध्ये मित्राला युइंग दिसला की तो त्याच्यासाठी उचलतो, तो याच्यासाठी हकीम उचलतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी खोकी बदलतात. पैशांचा हिशेब नाही. अडचण एकाच जागी येते. एकाच कार्डावर दोघांची छबी असली की ते दोघांनाही हवं असतं, आणि अशी कार्डं कमी नाहीत. मागच्या वर्षी असंच एक निघालं, पंचवीस प्रतींचं. फोनवर बरीच घासाघीस झाली, शेवटी युइंगवाल्याने घेतलं. पुढचं निघेल ते मित्राचं, असं ठरलं आहे. तेव्हापासून रात्रीच्या शोधात युइंगच्या नावाचीही भर पडली आहे, बिनचूक आणि चुकीच्या दोन्ही स्पेलिंगने.