एंजिनाची कार्यक्षमता, मोटारगाडीच्या
वापराने घटलेली एंजिनाची शक्ती साध्या देखभालीने बव्हंशी परत मिळविता येते. १ किग्रॅ. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते, म्हणून हवेचा पुरवठा महत्त्वाचा होय. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर असल्याने तेथील हवेची घनता किनाऱ्यापेक्षा सु. ५ टक्के कमी असते व अतिभरक नसलेल्या एंजिनाची शक्ती जवळजवळ तेवढीच घटते. त्यात धुळीने हवा गाळणी चोंदल्यास करूळ घाट चढून गगनबावड्यास येताना गाडीची ओढ कमी पडते. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत अशा वेळी मिश्रणातील इंधनाचे प्रमाण वाढून पेट्रोलही वाया जाते. इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाच्या एंजिनांत मुख्यतः शक्तीच घटते. गाळणी व झिजलेले प्लग वेळेवर बदलणे, प्लगच्या अग्रांतील अंतर उत्पादकाने ठरविल्याप्रमाणे राखणे, योग्य श्यानतेचे वंगण तेल वापरणे व शीतक द्रवाची पातळी सांभाळणे हे प्राथमिक उपाय होत. दट्ट्यांची कडी व सिलिंडर झिजून संपीडन दाब उतरला असल्यास मात्र हे उपाय अपुरे पडतात. तेव्हा कडी बदलावी लागतात किंवा सिलिंडरांचे बोअरिंग करून मोठ्या मापाचे दट्टे बसवावे लागतात. म्हणून खर्चिक दुरुस्तीपूर्वी संपीडन दाब मोजून घेणे इष्ट असते.