‘अंगावर काढणे’ : तक्रारीची भाषा आणि तरुण स्त्रियांची आरोग्यतपासणी

आजारासंबंधी मराठीत जे वाक्प्रचार रूढ आहेत, त्यांपैकी ‘दुखणे अंगावर काढणे’ हा भाषाभ्यासकाने व आरोग्यसेवकाने सारखाच लक्षात घ्यावा असा आहे. औषधोपचार न घेता व नित्याचे काम न थांबविता आजार सोसणे, हा त्याचा रूढ अर्थ. या प्रयोगात वरकरणी दोष दिलेला असतो. परंतु त्याच्या मुळाशी सहनशीलतेचे कौतुकही असते, आणि घरातील स्त्रीविषयी तो योजला जातो तेव्हा ही छटा अधिक गडद होते. तथापि दुखणे अंगावर काढावयाचे म्हटले, तरी ते आहे हे आधी जाणवावे लागते. अनेक विकारांत तेवढी जाणीवही होत नाही.

वैद्यकाचा नित्य व्यवहार तक्रारीवर चालतो. रुग्णाने काय होते ते सांगावे, चिकित्सकाने त्यावरून प्रश्न विचारावेत व मग तपासावे, असा त्याचा क्रम आहे. म्हणजे तक्रार ही प्रथमतः एक भाषिक कृती होय. ती घडण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात : शरीरातील बदल जाणवला पाहिजे, तो अस्वाभाविक वाटला पाहिजे, आणि तो सांगण्यास शब्द व ऐकण्यास माणूस पाहिजे. यांपैकी एक कडी तुटली तरी रोग दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. नियमित तपासणी या साखळीवर विसंबून नसते, आणि तिचे खरे महत्त्व यातच आहे.

या विधानाचा सर्वांत सबळ पुरावा महाराष्ट्रातीलच आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेले संशोधन १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक तक्रारी होत्या. ४५ टक्के स्त्रियांना कोणतीही तक्रार नव्हती. प्रत्यक्ष तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक विकार असल्याचे आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या आकड्यांतून साधे गणित निघते. निरोगी स्त्रिया शेकडा आठ. त्या सर्व ‘तक्रार नाही’ म्हणणाऱ्यांतच होत्या असे धरले, तरी शेकडा किमान ३७ स्त्रिया रोग असूनही तक्रारीवाचून होत्या. केवळ तक्रारीची वाट पाहणारी व्यवस्था त्यांच्यापर्यंत पोहोचली नसती.

जेथे तक्रार असते, तेथेही शब्दांची अडचण उरतेच. मासिक पाळीसाठी ‘कावळा शिवणे’, ‘बाजूला बसणे’, ‘बाहेरची होणे’, ‘अडचण’ असे अनेक प्रयोग मराठीत आहेत. ते स्त्रीचे घरातील स्थान व स्पर्शास्पर्श सांगतात. रक्तस्राव किती, किती दिवस, वेदना कोणत्या, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. ‘अंगावर जाणे’ असे म्हटले असता तो रक्तस्राव की पांढरा स्राव, हे विचारल्यावाचून कळत नाही. ‘अशक्तपणा’ या शब्दाचा तर इतका अर्थविस्तार झाला आहे, की थकवा, घेरी, धाप लागणे व डोळ्यांपुढे अंधारी येणे ही सर्व लक्षणे त्यात सामावतात. शिवाय ‘बायकांना अशक्तपणा असायचाच’ या समजुतीमुळे तो शब्द तक्रार न राहता स्वभाववर्णन होऊन बसतो.

या एका शब्दाखाली बहुधा रक्तक्षय झाकला जातो. १५ वर्षांवरील, गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमहून कमी असल्यास तो रक्तक्षय समजला जातो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटाच्या ५७ टक्के स्त्रियांत तो आढळला. तो हळूहळू वाढतो, शरीर त्याच्याशी जुळवून घेते आणि थकवा हीच नित्याची अवस्था वाटू लागते. उलट, त्याचे निदान रक्ताच्या काही थेंबांनी होते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात प्रारंभी जाणीवच नसते. कर्करोगपूर्व बदल वर्षानुवर्षे निःशब्द राहतात. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या आणि सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या संशोधनाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची मानवी पॅपिलोमा विषाणूसाठी एकदाच चाचणी केल्याने या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले, असे त्यात दिसून आले.

आता वयाचा प्रश्न. २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंत आहे. कर्करोग, मधुमेह व रक्तदाब यांच्या सार्वत्रिक तपासणीचा आरंभ तिसाव्या वर्षी होतो. मधल्या बारा वर्षांत गर्भारपणाखेरीज तपासणीचे ठरलेले निमित्त क्वचितच असते. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या नवरात्रात १८ वर्षांवरील सर्व स्त्रियांच्या तपासणीची मोहीम राबविली, तिचे नावही ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ असे होते. अविवाहित विद्यार्थिनीलाही ‘माता’ या संज्ञेखालीच तपासले जावे, ही बाब बोलकी आहे. विशीतील स्त्रीची प्रकृती ही तिची स्वतःची म्हणून मोजण्याची रीत भाषेत अद्याप पुरती रुजलेली नाही.

या वयात तपासणीचा मोठा व्याप लागत नाही. हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन व पाळीचा वृत्तांत एवढ्यापासून वार्षिक तपासणीचा आरंभ होऊ शकतो. अन्य चाचण्या चिकित्सकाच्या सल्ल्याने ठरतील. गर्भाशयमुखाची चाचणी सर्वसाधारणपणे तिसाव्या वर्षापासून पुरेशी असते. मात्र प्रश्नावलीची भाषा काळजीपूर्वक योजली पाहिजे. ‘काही तक्रार आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी ‘रक्तस्राव किती दिवस राहतो?’, ‘दिवसातून किती वेळा पॅड वा कापड बदलावे लागते?’, ‘जिना चढताना धाप लागते का?’ असे नेमके प्रश्न एकांतात व विद्यार्थिनीच्या परिचयाच्या बोलीत विचारले, तर तिला स्वतःहून तक्रारीचा शब्द शोधावा लागणार नाही. विद्यापीठांतील भाषाविभाग व आरोग्यकेंद्रे यांनी अशी प्रश्नावली एकत्र बसून सिद्ध करणे अवघड नाही.