हृदयाच्या झडपेची गळती कशी मोजतात?

पाच ते पंधरा वर्षे हे वय वसतिगृहाचे, तसेच संधिवाताच्या तापाचेही. एका दालनात अनेक मुले झोपतात तेथे घशाचा संसर्ग सहज पसरतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे झालेली घसादुखी अंगावर काढली, तर काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपेला झालेली इजा मात्र राहून जाऊ शकते. ही इजा बहुधा डाव्या बाजूच्या द्विदल झडपेला होते. तिच्या पाकळ्या नीट मिटत नाहीत आणि हृदय आकुंचन पावताना काही रक्त मागे, डाव्या अलिंदात परतते. भिंगारच्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही निवडला तो याच कारणाने.

मोठी गळती स्टेथोस्कोपने ऐकू येते, सौम्य गळती कानाला निसटते. नेमके माप कळते ते इकोकार्डिओग्राफीने. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ साली ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल प्रथम टिपली. पुढे तिला डॉपलरच्या १८४२ मधील नियमाची जोड मिळाली. अहिल्यानगर स्थानकाकडे शिट्टी देत येणाऱ्या गाडीचा स्वर चढा वाटतो आणि गाडी दूर जाताना तोच उतरतो. रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीचेही तसेच होते. यंत्र त्यावरून वेग काढते आणि चित्रात रंग भरते: प्रोबकडे येणारे रक्त लाल, दूर जाणारे निळे, आणि खळबळ असेल तेथे रंगीबेरंगी ठिपके.

संगणक या चित्रातील दाणेदार गोंधळ गाळतो, गळतीची धार वेगळी काढतो, अलिंदाची कडा आखतो आणि दोन्ही क्षेत्रफळांचे गुणोत्तर देतो. २० टक्क्यांहून कमी म्हणजे सौम्य, ४० हून अधिक म्हणजे तीव्र, असा जुना ठोकताळा आहे. तो सोपा आहे, आणि फसवाही. रंगाचा डाग म्हणजे रक्ताचे माप नव्हे. यंत्राची संवेदनशीलता वाढवली की डाग पसरतो. भिंतीला घासून जाणारी धार प्रत्यक्षाहून लहान दिसते.

म्हणून आता धारेच्या उगमाकडे पाहतात. मोरीच्या तोंडाशी पाणी जसे वेग घेते, तसे रक्त छिद्राकडे येताना समान वेगाची अर्धगोलाकार कवचे तयार होतात. समजा, अशा कवचाची त्रिज्या ०.८ सेंटिमीटर आणि तेथील वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर आहे. अर्धगोलाचे क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस सेंटिमीटर, म्हणून प्रवाह सेकंदाला सुमारे १६० घन सेंटिमीटर. छिद्रातील सर्वाधिक वेग ५०० असेल, तर भागाकार ०.३२ चौरस सेंटिमीटर: एवढे छिद्र. ०.४ पासून पुढे गळती तीव्र मानतात. आता त्रिज्या ०.८ ऐवजी ०.९ वाचली, तर उत्तर ०.४१ येते! त्रिज्येचा वर्ग होत असल्याने एका मिलिमीटरने मध्यम गळती तीव्र ठरते. कडा अचूक शोधणाऱ्या आणि अनेक ठोक्यांची सरासरी काढणाऱ्या संगणकाचे मोल येथे कळते. तरीही छिद्र नेहमी गोल नसते. अखेरचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी इतर मापे पाहूनच घ्यायचा असतो.

जंतूंमुळे घसा आल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले, तर संधिवाताचा ताप सहसा टळतो. ज्याला तो होऊन गेला आहे, त्याला तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. अशा मुलाच्या पालकांनी इकोचा प्रत्येक अहवाल जपून ठेवावा आणि पुढच्या तपासणीला जाताना मागचा सोबत न्यावा, म्हणजे डॉक्टरांना दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतील.