परदेशी कॉलेजच्या प्रवेश अर्जातला निबंध : मुलांना मदत कशी करावी?



आपण इथे नेहमी 'पावसाळ्यातील एक दिवस', 'माझी शाळा', 'मी पक्षी झालो तर' असे निबंध वाचतो. आजचा लेख थोडा वेगळा आहे. बारावीनंतर अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करताना मुलांना जो निबंध लिहावा लागतो, त्याबद्दल मी लिहिते आहे. पहिली ते चौथीला शिकवणाऱ्या बाईंचा याच्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. माझ्या बहिणीच्या मुलीने असा अर्ज भरला होता. "मावशी, तू निबंध शिकवतेस ना, जरा बघ," म्हणून तिने कागद माझ्या हातात दिला. आणि मी तो निबंध चांगलाच बिघडवला. कसा, ते पुढे सांगते.

आधी हा निबंध मागतात तरी कशाला, ते पाहू.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला जायचं तर एमएचटी-सीईटी, मेडिकलला नीट. गुण येतात, यादी लागते, कॅप राऊंड होतात. या सगळ्यात 'तू कोण, तुला काय आवडतं' असं मुलाला कुणी विचारत नाही. (त्याचा एक फायदाही आहे. कुणाचं इंग्रजी किती गुळगुळीत, यावर तिथं काही ठरत नाही.) अमेरिकेत बरीच कॉलेजं मार्कांबरोबर मुलाचं लिहिलेलंही वाचतात. तिथल्या शेकडो कॉलेजांसाठी 'कॉमन ॲप' नावाचा एक सामाईक ऑनलाइन अर्ज आहे. त्यातला मुख्य निबंध कमीत कमी 250 आणि जास्तीत जास्त 650 शब्दांचा. सात विषय दिलेले असतात, त्यातला एक घ्यायचा. स्वतःची पार्श्वभूमी किंवा आवड, आलेलं अपयश, एखाद्या समजुतीवर घेतलेली शंका, वेळेचं भान विसरायला लावणारी गोष्ट, अशा प्रकारचे ते विषय असतात. सातवा विषय म्हणजे तुम्हाला हवं ते लिहा. शिवाय काही कॉलेजं 'आमच्याकडेच का यायचंय?' असे छोटे प्रश्न वेगळे विचारतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज निराळा आहे. तिथं आठ प्रश्नांतले चार निवडून प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत उत्तर द्यायचं. ब्रिटनचं तर गणितच वेगळं. तिथं 'यूकास'मार्फत अर्ज जातो आणि एकूण 4000 अक्षरांची मर्यादा असते. 2026 च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले आहेत. हा विषय का शिकायचा, अभ्यासातून काय तयारी झाली आणि अभ्यासाबाहेर काय केलं. म्हणजे भर विषयावर. अमेरिकेसाठी लिहिलेली घरची गोष्ट जशीच्या तशी ब्रिटनला पाठवू नये.

आता आपली सवय बघा. आपण मुलांना आत्मवृत्त शिकवतो. फाटक्या पुस्तकाचं मनोगत, नदीची आत्मकथा, शेतकऱ्याचं मनोगत. मुलगा छत्री होऊन बोलतो, वडाचं झाड होऊन बोलतो. दहा वर्षांच्या शाळेत तो स्वतः म्हणून किती वेळा बोलतो? 'माझी आई' या निबंधातसुद्धा चाळीस वह्यांत एकच आई असते. ती पहाटे उठते, कष्टाळू असते आणि तिचे उपकार फिटत नाहीत. हे मीच शिकवलेलं आहे, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देत नाही.

भाचीच्या पहिल्या कच्च्या निबंधाची सुरुवात मंडेलांच्या एका वाक्याने होती. मग लहानपणापासून समाजाची सेवा करण्याची इच्छा, मग शाळेतली बक्षिसं, मग 'या संधीचं मी सोनं करीन'. मला तो आवडला! मी त्यात आणखी दोन सुविचार घातले, दोन वाक्यांना जोडून लांब केलं, शेवट भारदस्त केला. तिने वाचला आणि म्हणाली, "मावशी, हे छान झालंय, पण हे तुझं झालं. मी अशी कुठं बोलते?"

रागच आला होता खरं तर. पण दुसऱ्या दिवशी तो निबंध पुन्हा वाचला. त्यात तिचं नाव खोडून माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीचं नाव घातलं असतं, तरी एक शब्द बदलावा लागला नसता.

मग आम्ही कागद बाजूला ठेवला आणि नुसत्या बोलत बसलो. माझ्या बहिणीचं घर तासगाव तालुक्यात आहे, द्राक्षाची बाग आणि बेदाण्याचं शेड. बोलता बोलता ती म्हणाली, नववी-दहावीत ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींत रोजची हवा लिहायची. जिथं दुधाचा हिशोब लिहितात, तिथंच खाली 'ऊन', 'ढग', 'वारा नाही'. जाळीवर माल कधी टाकला आणि कधी उतरवला तेही. मालाला दिवस कमी-जास्त का लागतात, हे तिला शोधायचं होतं. तिला वाटायचं सगळा खेळ उन्हाचा. दोन हंगामांच्या नोंदी पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं की ऊन असूनही वारा पडलेला आणि हवा दमट असली की माल रेंगाळतो. मोठ्या उत्साहाने तिने वडिलांना सांगितलं. दाजी हसले आणि म्हणाले, "हे मला वीस वर्षं माहीत आहे. सकाळी गोणपाटाला हात लावला की कळतं."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. मग सकाळी त्यांच्याबरोबर गोणपाटाला हात लावायला जायला लागले. ते काय म्हणतात ते लिहायचं आणि खरं ठरतं का ते बघायचं. तीनदा चुकले ते."

निबंध इथंच होता. तिला संख्याशास्त्र शिकायचं आहे, आणि ते का, हे या गोष्टीत आपोआप दिसतं. 'मला संख्याशास्त्राची ओढ आहे' असं वाक्य लिहायची गरजच उरली नाही. पण हे तिला स्वतःला लिहिण्यासारखं वाटत नव्हतं. "हे काय, घरचंच तर आहे," असं तिचं म्हणणं. मुलांना घरचं दिसत नाही, म्हणून मोठ्यांनी विचारायचं असतं. मग काय झालं? तुला काय वाटलं? नक्की काय म्हणाले ते? माझ्या मते मोठ्यांची मदत मुख्यतः एवढीच असावी. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आम्ही मराठीतच बोललो. तिने ते ऐकून इंग्रजीत लिहिलं, साध्या छोट्या वाक्यांत. शब्दकोशातले जड शब्द तिने घातले होते ते मग तिनेच काढले.

पहिला खर्डा हजार शब्दांच्या वर गेला. कापताना आधी गेला तो द्राक्षशेतीचा इतिहास. वाचणाऱ्याला एवढंच कळायला हवं की द्राक्षं जाळ्यांवर पसरून सावलीत वाळवतात आणि अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो, भाव पडतो. मग बक्षिसं गेली, कारण अर्जात त्यांची वेगळी जागा असते. राहिला तो कॅलेंडरचा प्रसंग, वडिलांचं हसणं, तिचा रुसवा आणि पुढचा विचार. पुढचा विचार बरीच मुलं विसरतात. गोष्ट सांगतात आणि थांबतात. वाचणाऱ्याला मुलाचं डोकं कसं चालतं ते बघायचं असतं, त्यामुळे निदान एक तृतीयांश जागा त्याला ठेवावी असं मला वाटतं. दाजींचा हात तीनदा का चुकला असावा, यावर तिने लिहिलेला परिच्छेद मला सगळ्यात आवडला.

पालक आणखी एक विचारतात, दुःखाचा प्रसंगच लिहायला हवा का? नाही. गरिबी, आजारपण, घरातला मृत्यू यावर मुलाला मनापासून लिहायचं असेल तर जरूर लिहू द्या. पण दया यावी म्हणून त्याला ते उकरायला लावू नका. सतरा वर्षांच्या मुलावर तो अन्याय आहे.

आणि दुसऱ्याकडून लिहून घेण्याबद्दल. अर्ज पाठवताना 'हे माझं स्वतःचं काम आहे' असं मुलाला मान्य करावं लागतं. एआयने लिहून दिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं हेही कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं. स्पेलिंग तपासणं, 'हे वाक्य कळलं नाही' असं सांगणं ठीक आहे. माझ्यासारखे सुविचार घालणं ठीक नाही.

भाचीला दोन ठिकाणांहून नकार आला. एका कॉलेजने प्रवेश दिला, पण शिष्यवृत्ती धरूनही उरलेली फी घराला झेपण्यासारखी नव्हती. ती आता पुण्यात संख्याशास्त्रच शिकते आहे. निबंध चांगला झाला म्हणजे प्रवेश नक्की, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मार्क, विषय, पैशांची सोय हे सगळं त्याच्या जोडीला असतं.

तरीही ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी वेळ पाळावी. कॉमन ॲपचा नवीन अर्ज दरवर्षी 1 ऑगस्टला सुरू होतो. लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबर असते, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे बारावीची सहामाही आणि हा निबंध एकाच वेळी अंगावर येतात. अकरावीची परीक्षा झाली की मे महिन्याच्या सुट्टीत बोलायला बसलात, तर जूनपर्यंत पहिला खर्डा हातात येतो. तो पंधरा दिवस कपाटात ठेवा, आणि मग मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना जिथं त्याचा आवाज भाषणातल्यासारखा होईल, तिथं पेन्सिलने खूण करा.