कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज होत नाही तेव्हा

आपल्या भाईंदरला खाडी आणि मिठागरं, उत्तनकडे गेलं की समुद्रच. ही खारी हवा लोखंडी कपाटाच्या बिजागरीलाही सोडत नाही, मग कॅमेऱ्याच्या बॅटरीची काय कथा!

माझी नणंद उत्तनला राहते. बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा अशा घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढून चार पैसे मिळवते. यंदा हाताला प्लॅस्टर होतं, म्हणून अख्खा पावसाळा कॅमेरा कपाटात पडून राहिला. दिवाळीनंतर बारशाची ऑर्डर आली आणि आदल्या दिवशी तिचा फोन. "वहिनी, चार्जरचा दिवा नुसता फडफडतोय. दुकानदार म्हणतो बॅटरी मेली, नवी घ्या. आणि माझे जुने फोटो गं?"

आधी तिची भीती घालवली. फोटो बॅटरीत नसतात, मेमरी कार्डात असतात. बॅटरी गेली तरी ते शाबूत. फार तर कॅमेऱ्याची तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते.

मग दिव्याकडे बघायचं. तो अजिबात लागत नसेल, तर त्याच सॉकेटला मोबाईल लावून बघा, वायर हलवून, बदलून बघा. छोट्या कॅमेऱ्यांना थेट वायर लावतात, त्यांतले बरेचसे बंद असतानाच चार्ज होतात. हे हमखास विसरलं जातं. दिवा भराभर लुकलुकत असेल, तर बहुधा चार्जर बॅटरीला नाकारतोय.

का नाकारतो? बॅटरीच्या कडेला तीन-चार पिवळे पत्रे दिसतील. दोन विजेचे. बहुतेक बॅटऱ्यांत आणखी एक असतो, तो आतलं तापमान कळवतो. लिथियम-आयन बॅटरी ० अंशाखाली किंवा साधारण ४५ अंशांवर चार्ज करायची नसते. पत्र्यावर पुट चढून हा निरोप अडला, की चार्जर वीज सोडत नाही. तेव्हा चार्जर सॉकेटमधून काढा, पत्र्यांवरून पेन्सिलीचा खोडरबर हलकेच फिरवा, कोरड्या सुती कपड्याने पुसा. चार्जरचे पत्रेही पुसा. सुरी नको, पाणी तर नकोच.

नणंदेने पुसलं, तरी दिवा फडफडतच होता. दुसरं कारण उपासाचं. बॅटरीतल्या एका सेलचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. महिनोन् महिने पडून तो फार खाली उतरला, की चांगला चार्जर आधी अगदी थोडी वीज देऊन बघतो. बॅटरी काढून पुन्हा नीट बसवायची, अर्धा तास जवळ बसून वाट बघायची. तिसऱ्या वेळेला तिचा दिवा स्थिर झाला. दुसऱ्या दिवशी बारसं पार पडलं. बॅटरी पूर्वीइतकी टिकली नाही, हेही सांगते. बाळाच्या आत्याने नाव ठेवलं आणि थोड्याच वेळात ती संपली.

अर्ध्या तासात काहीच झालं नाही किंवा बॅटरी गरम लागली, तर तिथेच थांबा. दुसऱ्या बॅटरीला तारा जोडून तिला जागं करायची युक्ती कुणी सांगेल, ती करू नका. फार उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं, मग चार्ज करताना आतच शॉर्ट होऊ शकतो. रिमोटचे सेल उन्हात ठेवायची आपली जुनी सवयही इथे नको.

बॅटरी फुगली असेल, कॅमेऱ्यातून निघता निघत नसेल, तर तिच्यावर काही प्रयोग करायचा नाही. जोर लावून ओढू नका, टोचू नका. तशीच दुरुस्तीवाल्याकडे न्या. सुटी असेल तर पत्र्यांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली तर गाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते. २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे, म्हणून दुकानात बिनधास्त विचारा.

आता नणंद बॅटरी अर्धी भरून, कॅमेऱ्यातून काढून, कोरड्या डब्यात ठेवते. कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी तिने दर तीन महिन्यांनी 'बॅटरी' असं लिहून टाकलंय.